घोडीची पाठ पुठ्ठ्यावर: ड्रेसेजच्या खोगिरासाठी सातारा–पुणे–सातारा

आमची सोनी मारवाडी रक्ताची, पंधरा हात उंच (घोड्याच्या मापातला हात म्हणजे चार इंच), पाठ अरुंद, मानेच्या बुडाशी खांद्याचा उंचवटा चांगलाच वर आलेला. तिच्या पाठीवर डाव्या बाजूला रुपयाएवढे पांढरे केस दिसले, तेव्हा मला रडू आलं. पांढरे केस म्हणजे तिथं बरेच दिवस दाब पडत होता आणि आतली कातडी दुखावली होती. दोन वर्षांपूर्वी एका दुकानदाराने "हे सगळ्या घोड्यांना चालतं" असं सांगून खोगीर दिलं आणि मी ते मुकाट घेतलं. आता सगळ्यांना चालणारं नाही, सोनीला चालेल असंच घ्यायचं हे पक्कं केलं.

ड्रेसेज म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या चाली आणि वळणं नेमकी करून घेण्याचा घोडेस्वारीचा प्रकार. त्याचं खोगीर उडीच्या खोगिरापेक्षा वेगळं असतं. या खोगिराची बैठक खोल असते आणि बाजूची पानं सरळ खाली उतरतात, त्यामुळे पाय लांब सोडून बसता येतं. तंग, म्हणजे पोटाखालून आवळायचा पट्टा, ज्यांना अडकवतात ते खोगिराचे पट्टेही लांब असतात. म्हणून तंग आखूड लागतो आणि बकलं पायाखाली येत नाहीत. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत आपल्या ड्रेसेज संघाने सुवर्ण जिंकलं. घोडेस्वारीत भारताला ते ४१ वर्षांनी मिळालं होतं. तेव्हापासून पागेतल्या मुली वीस बाय साठ मीटरचं रिंगण चुन्याने आखून सराव करतात. सामान मात्र हाताला लागेल ते.

निघायच्या आधीचं काम सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून ते सविस्तर सांगते. सोनीला सपाट फरशीवर, मान समोर ठेवून उभं केलं. तात्यांचं आयुष्य पागेत गेलंय. त्यांनी बोटांनी चाचपत खांद्याच्या फऱ्याची मागची कड शोधली आणि मी शिंप्याच्या खडूने त्यावर रेघ ओढली. त्या रेघेच्या दोन-तीन बोटं मागे वायरिंगची जाड तांब्याची तार पाठीवर आडवी दाबून बसवली, अलगद उचलली आणि पुठ्ठ्यावर गिरवली. तिथून वीतभर मागे दुसरं माप, आणखी थोडं मागे तिसरं. चौथं माप कण्याच्या लांबीने. पुठ्ठे कापून त्यावर तारीख आणि डावं-उजवं लिहिलं. घोड्याच्या बरगड्यांच्या अठरा जोड्या असतात, त्यातली शेवटची चाचपून तिथंही खडूची रेघ मारली. खोगिराचा भार तिच्या पुढेच संपला पाहिजे. लगामाच्या कडीसाठी, म्हणजे तोंडात बसणाऱ्या लोखंडी दांडीसाठी, दोरीला एक गाठ मारून ती ओठाच्या एका कोपऱ्याशी धरली आणि दुसऱ्या कोपऱ्याशी दुसरी गाठ मारली. अंतर बारा सेंटीमीटर भरलं. कडी साडेबाराची घेतली, म्हणजे दोन्ही बाजूंना किंचित मोकळी राहते. नवी कडी तोंडात घालण्याआधी दात जरूर तपासून घ्या. आपल्या जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं चौकशी करता येते.

सकाळी साडेसहाला माहुलीहून निघालो. आनेवाडीचा टोल, खंबाटकीचा बोगदा, शिरवळला मिसळ, खेड शिवापूर, कात्रज. वाटेत विशेष काही नाही. पुण्याच्या कॅम्पात लवकर पोचा, नंतर गाडी लावायला जागा मिळत नाही.

पहिल्या दुकानात पुठ्ठे बघून मालक हसले. तात्या म्हणाले, "ताई, चला." दुसऱ्या दुकानातल्या काकांनी मात्र पुठ्ठे हातात घेतले, खिडकीशी नेले आणि एकेक खोगीर उलटं करून त्यात बसवून पाहिले. बहुतेक माल कानपूरचा होता. खोगिरं, लगाम तिथंच मोठ्या प्रमाणावर बनतात. काकांनी सांगितलं की सांगाडा, म्हणजे ज्याला ते ट्री म्हणतात, बऱ्याचदा रुंद पाठीच्या परदेशी घोड्यांच्या मापाने केलेला असतो. मारवाडीवर तो पुढून खाली बसतो आणि उंचवट्याला टेकतो. आमच्या पुठ्ठ्याला अरुंद ट्रीची दोनच खोगिरं लागली. सांगाडा धड आहे का हे असं बघा: खोगिराचा पुढचा उंचवटा पोटाशी धरा आणि मागची कड आपल्याकडे ओढा. करकरलं किंवा मधून वाकलं तर ठेवून द्या. स्वतः बसून पाहिल्यावर मागे चार बोटं जागा उरली पाहिजे. मला सतरा इंची बसलं.

पैसे भरले, पण सात दिवसांत परत घेण्याचं पावतीवर लिहून घेतलं. ते लिहून दिल्याशिवाय खोगीर गाडीत ठेवू नका. साडेबावीस हजार खोगिराचे. तंग, रिकिबी, लगाम वेगळे. रिकीब बुटापेक्षा साधारण इंचभर रुंद हवी. अरुंद असली तर पडताना पाय अडकतो.

दुसऱ्या दिवशी पागेत. परत करायची वेळ आली तर डाग नकोत म्हणून खाली जुनं पातळ धोतर अंथरलं आणि रिकिबीच्या चामडी पट्ट्यांवर मोजे चढवले. आधी तंग न आवळता नुसतं ठेवून पाहिलं. उंचवट्यावर तीन बोटं मोकळी. खोगिराखाली कण्यावर राहणाऱ्या पोकळ पन्हळीतून पलीकडचा उजेड आरपार दिसत होता. हात पुढून मागे सरकवला, दाब सगळीकडे सारखा लागला. मध्ये पोकळी आणि टोकांना टेकू असं कुठं जाणवलं नाही. तंग घोडीच्या पुढच्या पायाच्या कोपराच्या मागे चार बोटं. लगामाच्या कपाळपट्टीने मात्र त्रास दिला. मारवाडीचे कान आत वळलेले असतात, त्यांच्या बुडाशी पट्टी घासत होती आणि सोनी सारखं डोकं झटकत होती. एक माप मोठी पट्टी मागवली आणि झटकणं थांबलं. नाकपट्टी नाकाच्या हाडावर दोन बोटं आत जातील एवढीच आवळा. गळपट्टीत मूठ मावली पाहिजे.

अर्धा तास चालवून, दुडकी घेऊन खोगीर काढलं. घामाचे दोन लांब पट्टे उमटले होते, दोन्ही बाजूंना सारखे, मध्ये कणा कोरडा. फक्त डाव्या खांद्यामागे तळहाताएवढा कोरडा डाग. पांढरे केस होते त्याच बाजूला. घामात कोरडा राहिलेला असा डाग बहुतेक वेळा जास्त दाबाचा असतो. तिसऱ्या दिवशी खोगीर, पुठ्ठे आणि फोटो घेऊन एकटीच पुन्हा पुण्याला गेले. काकांनी खोगिराच्या खालच्या गादीची शिवण सोडवून त्या जागची लोकर आकड्याने ओढून सैल केली आणि थोडी काढली. खोगीरभरती हा शब्द आपण निरुपयोगी भरण्यासाठी वापरतो, पण घोड्याची पाठ सुरक्षित राहते ती या भरतीवरच. म्हणून लोकरीची भरती असलेलंच घ्या, ती कमी-जास्त करता येते. नवी लोकर पहिल्या दोन-तीन महिन्यांत दबते, तेव्हा पुन्हा दाखवावं लागतं.

साताऱ्याच्या पावसात कातड्यावर चार दिवसांत बुरशी येते. रोज ओल्या फडक्याने घाम पुसा, आठवड्याला सॅडल सोप (कातड्याचा साबण) लावा, वारा खेळेल तिथं ठेवा. उन्हात वाळवू नका, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका.

काल घामाचे पट्टे अखंड उमटले. खोगीर आणताना सोनी पूर्वी कान मागे पाडायची, काल ती उभी राहून गवत चघळत होती. पुठ्ठे खुंटीवर टांगलेत. व्यायामाने पाठ बदलते, म्हणून तीन महिन्यांनी नवी तार वाकवून त्यांच्याशी ताडून बघणार आहे.