आप्पांना रूळ काढलेली रेल्वे दाखवायचीय

गेले तीन आठवडे रात्री जेवणं झाली की मी नकाशा उघडून बसते. मार्चमध्ये आई-आप्पा पहिल्यांदा न्यूझीलंडला येतायत, थेट बेळगावजवळच्या लोंढ्याहून. इथे येणारे सगळे पाहुणे क्वीन्सटाऊन बघतात, तसं आम्हीही बघू, पण मला आप्पांना मनापासून दाखवायचाय तो ओटागो सेंट्रल रेल ट्रेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी राहते त्या डुनेडिनहून आतल्या कोरड्या डोंगराळ भागात एक रेल्वे जायची. बांधायला 1879 मध्ये सुरुवात झाली, मिडलमार्चला पोचायलाच 1891 उजाडलं, क्लाइडला 1907 आणि शेवटचं क्रॉमवेल 1921 ला, म्हणजे चाळीस वर्षं माणसं डोंगर फोडत पुढं सरकत होती. नंतर ट्रक आले, माल कमी झाला, क्लाइडच्या धरणाचं सामान वाहून झालं आणि 1990 मध्ये मिडलमार्चच्या पुढची लाईन बंदच केली. रूळ, स्लीपर सगळं उचललं. पण खालचा भराव, पूल आणि बोगदे ठेवले, वर बारीक खडी पसरली आणि 2000 साली क्लाइड ते मिडलमार्च असा 152 किलोमीटरचा रस्ता सायकलवाल्यांना आणि चालणाऱ्यांना उघडून दिला. तिकीट नाही काही नाही.

हे आप्पांना फोनवर सांगितलं (इथले रात्रीचे साडेनऊ म्हणजे तिकडं दुपारचे दोन, ते नुकतेच जेवून पडलेले असतात) तर ते उठूनच बसले म्हणे. "काय ग, रूळ काढून टाकल्यात व्हय? चांगली लाईन हुती की!" त्यांना ते लागलंच. का लागलं ते मलाही कळतं. आप्पांनी सगळी नोकरी रुळावर काढली, आधी गँगमन, मग कीमन. सकाळी खांद्यावर हातोडा टाकून सेक्शन चालत जायचं, रूळ घट्ट धरणाऱ्या चाव्या (लोखंडी पाचरी) सैल झाल्या असतील तर ठोकत यायचं, पावसाळ्यात कॅसलरॉकच्या घाटात रात्रीचं पेट्रोलिंग, एका हातात कंदील, पिशवीत फटाके, दरड आलेली दिसली की रुळावर फटाका बांधून (चाकाखाली वाजला की ड्रायव्हर सावध होतो) लाल दिवा घेऊन उभं राहायचं. आम्ही क्वार्टरमध्ये झोपलेलो असायचो आणि आई मात्र पाऊस वाढला की जागी. नंतर 1990 च्या दशकातच आपला मीटर गेज (दोन रुळांत एक मीटर अंतर) पण गेला, रुंद ब्रॉड गेज आला, ते रूळ उपटायलाही हेच लोक होते. म्हणून त्यांना रूळ उपटणं म्हणजे काय ते माझ्यापेक्षा जास्त माहितीय.

मग मी त्यांना आकडे द्यायला लागले, कारण आप्पांशी बोलायचं तर आकड्यातच बोलावं लागतं. इथला गेज 1067 मिलिमीटर, आपला मीटर गेज 1000, म्हणजे जवळपास भाऊच. चढ विचारला त्यांनी लगेच. इथे 50 ला 1, म्हणजे 50 मीटर पुढं गेलं की 1 मीटर वर, आपल्या घाटात 37 ला 1. "मग हे सपाटच की," म्हणाले, आणि आवाजात जरा अभिमान होता तो मला इथपर्यंत ऐकू आला. आणि हीच तर अशा ट्रेलची खरी गंमत आहे, इंजिनाला चढता यावं म्हणून तेव्हाच्या लोकांनी डोंगराला वळसे घालून चढ मारला, त्याचा फायदा आज 69 वर्षांच्या गुडघ्यांना होणार. ट्रेलचं सगळ्यात उंच ठिकाण 618 मीटरवर आहे, वेडरबर्नजवळ, पण तिथं पोचताना धाप लागत नाही असं जाऊन आलेले सगळे सांगतात.

पूर्ण ट्रेल करायला लोक चार-पाच दिवस घेतात, ते आम्ही करणार नाही. मी एकच तुकडा निवडलाय, लॉडर ते ओटुरेहुआ, साधारण 20-22 किलोमीटर, एका दिवसाचा. कारण पूलबर्नची घळ त्यातच येते. दगडी खांबांचा 37 मीटर उंच पूल आणि 201 आणि 229 मीटरचे दोन बोगदे, आत दिवे नाहीत, टॉर्च न्यावाच लागतो. आणि वाटेत ठिकठिकाणी जुन्या गँगमन लोकांच्या खोपटासारख्या छोट्या शेड उभ्या केल्यात, आत लाईनचा इतिहास लिहिलेले फलक. हे वाचलं तेव्हा मी एकटीच किचनमध्ये उभी राहून रडले. गँगहटमध्ये माहितीचे फलक! आपल्याकडं त्या हटमध्ये पावसात भिजलेली माणसं चहा उकळत बसायची, आत कोण बसलंय हे विचारायला कुणी आलेलं मला आठवत नाही.

आता प्रॅक्टिकल गोष्टी, कारण आपल्याकडचे बरेच जण आईवडिलांना बोलावतात तेव्हा हेच प्रश्न असतात. मार्च निवडला कारण जानेवारीत तिथं ऊन तिशीच्या वर जातं आणि रस्त्यात सावली जवळजवळ नाही, हिवाळ्याचं तर नावच नको, बाजूच्या ओफिर गावात 1995 ला पारा उणे 21.6 पर्यंत उतरला होता. हेल्मेट इथे कायद्यानं सक्तीचं आहे. आप्पा सायकल चालवतात, बाजाराला अजून सायकलवरच जातात, पण मी त्यांना ई-बाईक भाड्यानं घेतीय, बॅटरी संपली तरी पॅडल आहेच असं दोनदा सांगितल्यावर तयार झाले. सायकली देणाऱ्या कंपन्याच सामान पुढच्या गावाला पोचवतात आणि परत आणून सोडतात. आई सायकल चालवत नाही. ती आणि माझा नवरा गाडीनं पुढं जातील आणि ऑरिपोच्या बाजूनं बोगद्यापर्यंत चालत येतील, म्हणजे पुलावर आम्ही चौघं एकत्र. आईला उंचीची भीती आहे पण ती म्हणाली, तुझ्या आप्पांनी ज्याच्यावर रात्री काढल्या तसला पूल मी एकदा दिवसा बघते तरी.

खाण्याचं मात्र नीट लक्षात ठेवा. न्यूझीलंडला उतरताना खायची प्रत्येक वस्तू फॉर्मवर लिहायची, लपवलं तर जागेवर 400 डॉलर दंड. म्हणून आईला सांगितलंय की बेळगावचा कुंदा आणू नको, दुधाचा आहे, तो आत घेणार नाहीत. तिचा चेहरा व्हिडिओ कॉलवरच पडला, सगळ्या पाहुण्यांना कुंदा द्यायचा ठरवून बसली होती. आता मीच इथं दूध आटवून बघणार आहे.

काल सगळी यादी आप्पांना वाचून दाखवली. पाणी, टोपी, सनस्क्रीन, जॅकेट, पंक्चरचं सामान, दोन टॉर्च. बाकी सगळ्याला हूं हूं केलं आणि टॉर्चला थांबवलं मला.

"बोगद्यात जातीयास दोघं, तर दिवे तीन पायजेत. हातातला विझला तर दुसऱ्याचा दिवा मागत बसायचं न्हाई."

आज कामावरून येताना तिसरा घेऊन आले.