तीन सर्टिफिकेटं

मार्चअखेर म्हणजे आम्हा विमा एजंटांची सुगी. २०२५ च्या मार्चमधला शेवटचा शनिवार, दुसऱ्या दिवशी पाडवा. मिरजेच्या बाजारात साखरेच्या गाठी टांगलेल्या, आणि मी सकाळपासून स्कूटीवर. सगळ्यांना ३१ तारखेच्या आत पैसे भरायचे होते.

पहिलं घर एका प्राध्यापकांचं. आरोग्य विम्याचा त्यांचा, बायकोचा आणि मुलीचा हप्ता मिळून २५ हजार, ७४ वर्षांच्या आईचा ५० हजार. सरांचा हिशेब आधीच मांडून झालेला असतो. गृहकर्जाचं व्याज असल्यामुळे ते अजून जुन्या करप्रणालीत आहेत, आणि नव्या प्रणालीत ८०-डी ची, म्हणजे आरोग्य विम्याच्या हप्त्यावरची, वजावट मिळतच नाही, हे त्यांना माझ्याआधी माहीत होतं. कुटुंबाचे २५ हजार आणि ज्येष्ठ आईचे ५० हजार, दोन्ही मर्यादा त्यांनी काठोकाठ भरलेल्या. ३० टक्क्यांचा स्लॅब, वर ४ टक्के सेस. ७५ हजारांवर २३,४०० रुपये कर वाचला. चहा घेता घेता सरांनी मोबाइलवरून पैसे भरले आणि मी निघाले.

दुपारी साडेतीनच्या सुमारास एक रिक्षावाले दादा आले. माझं ऑफिस म्हणजे घराचीच पुढची खोली. दादांची पॉलिसी मीच काढून दिलेली, नवरा-बायको आणि दोन मुलं, चौघांत मिळून ५ लाखांचा फ्लोटर. मूळ हप्ता २० हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण २३,६००. पतसंस्थेचा माणूस रोज संध्याकाळी रिक्षा स्टँडवर येतो, त्याच्याकडे दादा रोज ६५ रुपयांची पिग्मी भरतात. वर्षाचे २३,७२५ होतात, त्यातून हा हप्ता जातो. पावसात धंदा नसला तरी ते पिग्मी चुकवत नाहीत.

खुर्चीवर बसल्यावर त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकचं फोल्डर काढलं आणि टेबलावर तीन कागद ओळीने मांडले. २०२२, २०२३ आणि २०२४. कंपनी दरवर्षी प्रत्येकाला पाठवते ती ८०-डी ची सर्टिफिकेटं. पहिलं तर लॅमिनेट करून घेतलेलं.

"ताई, तीन वर्षांचं हाय. ह्याचं पैसं कधी येत्यात?"

मला आधी कळेचना. मग लक्षात आलं आणि पोटात गोळा आला. पॉलिसी काढताना मीच म्हणाले होते, "दादा, टॅक्समध्ये सूट पण मिळते." हे वाक्य मी तेव्हा प्रत्येक घरात म्हणायचे. समोरचा टॅक्स भरतो की नाही, हे न विचारता. कागदावरही तेच छापलेलं, की भरलेला हप्ता वजावटीस पात्र आहे. दादांनी त्याचा साधा अर्थ लावला होता. सरकारकडून काहीतरी यायचं आहे, उशीर होतोय एवढंच.

मी कागद घेऊन त्यांना समजावलं. वजावट म्हणजे कुणी हातात पैसे देत नाही, ज्या उत्पन्नावर कर लागतो ते तेवढं कमी धरतात, म्हणून भरायचा कर कमी होतो. तुमचं वर्षाचं उत्पन्न तीन लाखांच्या आसपास. या वर्षी जुन्या प्रणालीत ५ लाखांपर्यंत आणि नव्यात ७ लाखांपर्यंत कर शून्यच होतो. जिथं करच नाही, तिथं कमी काय करणार?

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजे ज्याला जास्त पगार, त्याला जास्त सूट?"

"हो."

सकाळचा आकडा माझ्या डोक्यात होता. सरांचा वाचलेला कर २३,४००, दादांचा अख्खा हप्ता २३,६००. सरांची काहीच चूक नाही. आईचा विमा काढणारा मुलगा चांगलाच. पण सरांचा विमा या सवलतीमुळे थोडाच टिकून आहे? ती नसती तरी त्यांनी तो भरला असता. ज्याचा विमा २ हजारांच्या सवलतीनेही टिकेल, त्याच्यासाठी आम्ही कागद छापतो आणि पैसे मात्र दुसरीकडे जातात. हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

दादांनी आवाज खाली आणला. "स्टँडवर एक जण म्हनत हुता, एजंट आपल्या कमिशनातलं सोडत्यात."

तेही मला नाहीच म्हणावं लागलं. विमा कायद्याचं कलम ४१. कमिशनमधून ग्राहकाला सूट देता येत नाही, १० लाखांपर्यंत दंड आहे, आणि प्रस्तावाच्या फॉर्मवर ते छापलेलं असतं. नियमामागचं कारण मला मान्य आहे, नाहीतर जो जास्त सोडेल त्याचीच पॉलिसी लोक घेतील, चांगली-वाईट कुणी बघणार नाही. तरी त्या दुपारी जीभ जड झाली. त्यांच्या हाताशी येणारी सवलत ही एकच होती.

मग मी जे आधीच सांगायला हवं होतं ते सांगितलं. रेशनकार्डावर महात्मा फुले योजनेत ५ लाखांपर्यंतचे उपचार तुम्हालाही मिळतात, पण ठरलेल्या आजारांना आणि ठरलेल्याच दवाखान्यांत. ती नोंद करून ठेवा. पॉलिसी ठेवायची की सोडायची, ते त्यानंतर ठरवा. यात माझं गिऱ्हाईक जाऊ शकत होतं. जाऊ दे म्हटलं.

दादांनी बायकोला फोन लावला, बाहेर जाऊन बोलले, परत आले आणि हप्ता भरला. "चार वर्षं मोडायची न्हाईत," एवढंच म्हणाले. फोल्डर मात्र टेबलावरच राहिलं. मी हाक मारली तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या तिथंच."

सप्टेंबरमध्ये बातमी आली, वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ तारखेपासून शून्य. त्या दिवशी घटस्थापना होती. मी पहिला फोन दादांना केला.

"३,६०० रुपये कमी होणार, दादा."

"कुठला कागद द्यायला लागतोय?"

"कुठलाच नाही. बिलातच लागणार नाहीत."

"टॅक्स भरत नसलो तरी?"

"तरी."

पलीकडे रिक्षा चालू होती, ती बंद झाली. "मग पिग्मी ५५ वर आणू का?"

मी म्हटलं, "आणू नका. कंपन्यांना त्यांच्या खर्चावरच्या जीएसटीचा परतावा आता मिळणार नाही, आणि तुमचं वयही वाढतंय, मूळ हप्ता वाढू शकतो. ६५ च राहू द्या."

"बरं," ते म्हणाले, आणि रिक्षा परत चालू झाली.