विसरत नाही ना?

मी पुण्यात रिसर्च करणाऱ्यांना डेटा अ‍ॅनालिसिसमधे मदत करते. म्हणजे लोक सर्व्हे करून किंवा मोजमापं घेऊन एक्सेल शीट आणतात आणि त्यातून काय निघतं ते आम्ही शेजारी बसून बघतो. शनिवार पेठेत दुसऱ्या मजल्यावर एक खोली आहे, एक टेबल, दोन मॉनिटर आणि चार खुर्च्या. या खुर्च्यांवर कोण कोण बसून गेलंय ते सांगायला लागले तर दिवस जाईल, उसाच्या पाचटावर काम करणारे, ऑडिटवाले, नर्सिंगच्या सिस्टर, ज्ञानेश्वरीतली क्रियापदं मोजणारे एक रिटायर्ड सर, सगळे. मला यातला एकही विषय नीट येत नाही पण त्यांचे आकडे मला दिसतात.

हा जुलैमधला एक गुरुवार आहे. खडकवासल्यातून पाणी सोडलं होतं, भिडे पूल पाण्याखाली होता आणि पेठांमधे गाड्यांची नुसती दाटी झाली होती. मी प्रत्येकाला वेगळी वेळ देते कारण कुणाचा डेटा दुसऱ्यानं बघू नये, पण त्या दिवशी दहाचे लोक अकराला आले आणि एकचे लोक पूल बंद म्हणून लवकर निघून साडेअकरालाच पोचले. बारा वाजता खोलीत चौघंजण होते आणि बाहेर इतका पाऊस की खाली जाऊन थांबा असं म्हणायची सोय नव्हती.

पहिल्या एक बाई, खेड तालुक्यातल्या झेडपी शाळेत शिकवतात, एमएड करतायत, रजा टाकून आल्या होत्या. पाचवीच्या मुलांना गणिताची भीती किती वाटते याची प्रश्नावली त्यांनी स्वतः बनवलेली. त्यांचा क्रॉनबॅक अल्फा ०.४१ येत होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, प्रश्नावलीतले सगळे प्रश्न एकाच गोष्टीबद्दल बोलतायत का हे बघायचं ते माप, क्रॉनबॅक यांनी १९५१ मधे मांडलेलं, आणि साधारण ०.७ च्या वर आलं की गाईड लोक खूश असतात. बाईंचे काही प्रश्न उलटे होते, म्हणजे 'मला गणित आवडत नाही' असे, ते आम्ही रिव्हर्स कोड केले होते, म्हणजे त्यांचे गुण उलट्या क्रमानं धरले होते, तरी आकडा हलत नव्हता. त्या म्हणाल्या मॅडम मुलं खोटं लिहीत नाहीत हो, आणि मला ते पटलं होतं पण कारण सापडत नव्हतं.

दुसऱ्या डॉक्टर. कम्युनिटी मेडिसिनमधे एमडी करतायत, थिसिस सबमिट करायला तीन आठवडे राहिलेले. ब्लड प्रेशरच्या गोळ्या गावातले लोक नियमित घेतात का आणि घेतात त्यांचं बीपी १४०/९० च्या खाली राहतं का, असा विषय. सॅम्पल ३८४. हा ३८४ आकडा माझ्याकडे इतक्या वेळा येतो की मी आता शीट उघडायच्या आधीच विचारते, ३८४ का? तो एका सूत्रातून येतो, ९५ टक्के खात्री, ५ टक्के चूक चालेल आणि लोकांमधलं प्रमाण ५० टक्के धरलं की १.९६ चा वर्ग गुणिले ०.२५ भागिले ०.०५ चा वर्ग, झाले ३८४. सूत्रात चूक काहीच नाही, पण ३८४ माणसांना प्रश्न कुणी विचारला आणि कसा विचारला हे त्या सूत्रात नसतं, आणि मला वाटतं आपल्याकडच्या निम्म्या थिसिसची खरी गोष्ट तिथेच असते.

डॉक्टरांचा रिझल्ट उलटा येत होता. 'तुम्ही कधी गोळी घ्यायला विसरता का?' या प्रश्नाला हो म्हणणाऱ्यांचं बीपी नाही म्हणणाऱ्यांपेक्षा किंचित बरं. गाईड म्हणाले कोडिंग चुकलंय, म्हणजे शीटमधे उत्तरांना आकडे देताना गडबड झालीय, परत तपासा. त्यांनी दोनदा तपासलं, सगळे फॉर्म कागदावरून परत भरले, तेच. दोन रात्री झोपल्या नव्हत्या, डोळ्यांवरून कळत होतं.

तिसरे भोसरीचे सर. मशीनिंग शॉपमधे क्वालिटी बघतात, वीस वर्षं झाली, आणि आता पार्टटाइम पीएचडी करतायत. भोसरीला गुरुवारी सुट्टी असते म्हणून ते कायम गुरुवारीच येतात. त्यांचा विषय कास्टिंगच्या, म्हणजे धातू ओतून केलेल्या पार्टच्या रिजेक्शनचा, म्हणजे पार्टवर ब्लो होल, हवेनं पडलेलं भोक, आहे की नाही हे इन्स्पेक्टर डोळ्यानं बघून ठरवतो तेव्हा त्या डोळ्यावर किती भरवसा ठेवायचा. पन्नास पार्ट, तीन इन्स्पेक्टर, प्रत्येकानं तेच पार्ट तीनदा बघायचे, मधे पार्टची उलटापालट करायची आणि आधी काय सांगितलं होतं ते कळू द्यायचं नाही. वाहन उद्योगात हे मेजरमेंट सिस्टिम अ‍ॅनालिसिस म्हणून करतातच.

आणि चौथी एक मुलगी, भाषाविज्ञानवाली, मावळ-मुळशीकडची बोली रेकॉर्ड करून तिचं काम चाललंय. लॅपटॉपला हेडफोन लावून कोपऱ्यात बसली होती.

मी डॉक्टरांना म्हटलं की तुमची हरकत नसेल तर इथे बोलू, शीटमधे नावं नाहीयेत, नुसते कोड आहेत. त्यांना तर कुणीतरी ऐकावं असंच वाटत होतं. मी रिझल्ट परत काढून दाखवला आणि भोसरीचे सर मागून म्हणाले, मॅडम, मोजणारे किती जण आहेत? डॉक्टर म्हणाल्या चार फील्डवर्कर, प्रत्येकीनं ९६ फॉर्म भरलेत. ते म्हणाले मग एकेकीचं वेगळं काढा ना, आमच्याकडे सेकंड शिफ्टच्या माणसाला रिजेक्शन जास्त दिसायचं, पार्ट तोच, लाइन तीच, शेवटी कळलं की त्याच्या टेबलावरची ट्यूब नवीन आहे.

डॉक्टरांनी फॉर्म भरणारीचा कोड शीटमधे ठेवला होता हे नशीब. दहातल्या आठ शीटमधे तो रकाना नसतो. मी मागितला की मुलं म्हणतात मॅडम त्याचा काय उपयोग, तो तर व्हेरिएबल नाही.

मी चार भाग केले. दोघींच्या फॉर्ममधे सगळं सरळ, विसरणाऱ्यांचं बीपी जास्त. उरलेल्या दोघींच्या फॉर्ममधे स्वच्छ उलटं. खोलीत कुणी काही बोललं नाही, पावसाचाच आवाज येत होता. डॉक्टर म्हणाल्या म्हणजे त्या दोघींनी घरी बसून फॉर्म भरले का? आणि मला तेव्हा त्यांच्या आवाजात राग कमी आणि दुःख जास्त वाटलं, कारण या बायका त्यांच्याबरोबर उन्हात फिरलेल्या होत्या.

तेव्हा कोपऱ्यातल्या मुलीनं हेडफोन काढला आणि विचारलं, प्रश्न तोंडी विचारलाय की त्यांनी स्वतः वाचून भरलाय? तोंडी. मग ती म्हणाली त्यांना फोन करून ऐकता येईल का.

डॉक्टरांनी त्यातल्या एकीला फोन लावला, इथे आणखी लोक बसलेत, तुमचा फोन स्पीकरवर टाकू का असं विचारून टाकला. ताई, तो सातवा प्रश्न तुम्ही कसा विचारता? ताईंनी फॉर्मवरचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं, तुम्ही कधी गोळी घ्यायला विसरता का. बरोबरच होतं. डॉक्टरांचा चेहरा उतरला. ती मुलगी हळूच म्हणाली, असं नको, त्यांना म्हणा मी आजी आहे असं समजा आणि मला विचारा. डॉक्टरांनी तसं सांगितलं. पलीकडे ताई जरा हसल्या आणि मग त्यांचा आवाजच बदलला, मायेचा झाला, "काय आजी, बरंय ना? गोळ्या घेताय ना टायमाला? विसरत नाही ना?"

विसरत नाही ना. या प्रश्नाला आजी काय म्हणणार? हो. म्हणजे हो गं, नाही विसरत. आणि ताई फॉर्मवर 'हो' च्या चौकोनात टिक करणार, आणि आमच्या शीटमधे ती आजी विसरणारी होणार.

डॉक्टरांनी विचारलं ताई, फॉर्मवर आहे तसं का नाही विचारलंत, तर त्या म्हणाल्या, "मॅडम, सत्तर वर्षांच्या माणसाच्या दारात जाऊन विसरता का म्हणून कसं विचारायचं? वाईट वाटतं त्यांना." मला त्या बाईंबद्दल त्या क्षणी जे वाटलं ते आदरच होता. उन्हातान्हात दारोदार जाऊन त्या माणसांशी माणसासारखं बोलल्या होत्या. आमच्या फॉर्मला तसं बोलता येत नव्हतं.

ती मुलगी मग आम्हाला समजावत होती की मराठीत 'ना' लावून प्रश्न विचारला की 'हो' म्हणजे तुम्ही म्हणताय ते बरोबर, आणि तुम्ही तर नकारार्थी म्हणताय. नुसतं 'जेवला नाहीस?' असं विचारलं तर काहीजण हो म्हणतात, काहीजण नाही म्हणतात आणि अर्थ एकच असतो, समोरच्याला पुढच्या शब्दांवरून कळतं. नुसत्या हो-नाहीला एकट्यानं तिथे अर्थ नसतो. तिच्याकडे असे किती प्रसंग रेकॉर्ड होते, तिनं दोन ऐकवले सुद्धा.

आणि हे ऐकता ऐकता झेडपीच्या बाई एकदम म्हणाल्या, "अहो, माझ्या वर्गात रोज हेच होतं. मी विचारते समजलं नाही का, पोरं म्हणतात हो, आणि मी चेहरा बघून ठरवते समजलं का नाही ते." त्यांनी त्यांची प्रश्नावली पुढे ओढली. 'मला गणित आवडत नाही', खाली सहमत, असहमत. ज्या मुलाला गणित आवडत नाही ते मूल मनात म्हणतं नाही आवडत, आणि 'असहमत' वर खूण करतं. आम्ही ते उलटे पाच प्रश्न तात्पुरते बाजूला काढून परत चालवलं तर अल्फा ०.७४. सकाळपासून जे सापडत नव्हतं ते गोळीच्या प्रश्नातून सापडलं.

डॉक्टर म्हणाल्या मग त्या दोघींच्या फॉर्ममधे हो चं नाही आणि नाही चं हो करू का? तीन आठवडे राहिलेल्या माणसानं हे विचारणं मी समजू शकते. पण नाही करता येत. काही आज्यांनी 'नाही बाई, नाही विसरत' असं म्हटलं असणार आणि तिथे टिक बरोबर पडली असणार, कुठली बरोबर आणि कुठली उलटी हे कागदावरून कळत नाही. भोसरीचे सर म्हणाले, गेज, म्हणजे मोजायचं साधन, खराब निघालं तर त्या गेजनं मोजलेले पार्ट परत मोजायचे मॅडम, रीडिंग अंदाजानं दुरुस्त करायचं नसतं. मी हेच दहा वाक्यांत सांगणार होते.

मग त्यांचीच पद्धत घेतली. त्या दोघींच्या यादीतली तीस माणसं, दोन वेगवेगळ्या विचारणाऱ्या, एकमेकींचे फॉर्म न बघता, आणि मग दोघींची उत्तरं किती जुळतात ते कप्पानं बघायचं. कप्पा म्हणजे काय तर दोन माणसांनी हो-नाही ठरवलं की नुसत्या योगायोगानं सुद्धा बरीच उत्तरं जुळतात, ती जुळणी बाजूला काढून उरते ती खरी. जेकब कोहेन या मानसशास्त्रज्ञानं १९६० मधे एका शिक्षण आणि मानसशास्त्राच्या जर्नलमधे ते मांडलं. त्या दिवशी तेच माप भोसरीच्या कास्टिंगला लागत होतं, डॉक्टरांच्या गोळ्यांना लागत होतं आणि भाषावाल्या मुलीला पण, कारण तिची रेकॉर्डिंग दोघांनी वेगवेगळी लिहून काढलीयत आणि ती किती जुळतात हे तिला बघायचं होतं. असं खूप आहे. दोन गटांच्या सरासरीतला फरक खरा की योगायोगाचा हे बघायला आज मेडिकलची सगळी मुलं जी टी-टेस्ट लावतात ती १९०८ मधे गॉसेट नावाच्या माणसानं डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करता करता काढली, कंपनीमुळे स्वतःचं नाव देता येत नव्हतं म्हणून 'स्टुडंट' या नावानं छापली. मला हे सांगायला नेहमी आवडतं, त्या दिवशी ऐकणारे चौघं होते.

काय मोजतो यावर किती काय अवलंबून असतं याचं पुण्यातलंच उदाहरण मी डॉक्टरांना दिलं, त्यांना माहीत होतंच. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. आपली बाळं वजनाला लहान, सरासरी २.७ किलोच्या आसपास, म्हणजे बारीक असंच सगळे म्हणायचे. पण त्यांनी नुसता वजनकाटा न वापरता कॅलिपरनं कातडीच्या घडीची जाडी पण मोजली आणि इंग्लंडच्या बाळांशी ताडून बघितली, तेव्हा दिसलं की बाळ लहान आहे पण त्या मानानं चरबी कमी नाही. चरबीचा मधुमेहाशी संबंध असतो, त्यामुळे मधुमेहाकडे बघायची दृष्टी त्यानं बदलली.

नवीन प्रश्न कसा विचारायचा यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. भाषावाली मुलगी म्हणाली 'विसरता' मधे माणसाची चूक निघते, म्हणून ताईंना तो प्रश्न फिरवावासा वाटला, त्यांना असं वाक्य द्या जे फिरवावं लागणार नाही. तिच्या रेकॉर्डिंगमधल्या बायका 'राहून गेलं' म्हणतात. 'गोळी राहते का कधी?' यात कुणीच दोषी नाही, गोळीच राहते. झेडपीच्या बाई म्हणाल्या हो-नाही ठेवूच नका, दिवस विचारा. शेवटी ठरलं, 'मागच्या सात दिवसांत किती दिवस गोळी राहिली?' आणि उत्तरात आकडा. आम्ही परत फोन लावला, ताईंनी ते वाक्य तीनदा म्हणून बघितलं आणि म्हणाल्या, हे चांगलंय, हे विचारता येतं.

चार वाजता पाऊस थांबला तेव्हा सगळे गेले. बाकीच्या तिघांचं काम त्या दिवशी झालंच नाही, बाईंना एक दिवसाची आणखी रजा टाकावी लागली.

पुढचं थोडक्यात सांगते. डॉक्टरांनी मुदत वाढवून घेतली, गाईड आधी रागावले मग स्वतः एक दिवस फील्डला गेले. तीस जणांत दोन नव्या विचारणाऱ्यांची उत्तरं चांगली जुळली, मग उलटे फॉर्म आलेल्या त्या दोघींची उरलेली घरं पण परत केली. जुना सातवा प्रश्न थिसिसमधे काढून टाकला आणि का काढला ते दीड पान लिहिलं.

परत केलेल्या फॉर्मवर ताईंनी समासात पेन्सिलनं एक गोष्ट लिहून आणली होती. एका आजींना त्यांनी विचारलं किती दिवस गोळी राहिली, तर आजी म्हणाल्या एकच, एकादशीला. गोळी जेवल्यावर घ्यायला सांगितलीय आणि एकादशीला त्या जेवत नाहीत. दुसऱ्या एका घरात सोमवार होता, तिसऱ्या घरात चतुर्थी. डॉक्टरांनी मला फोन करून विचारलं की शीटमधे एक रकाना वाढवता येईल का, आणि मी एच नंतर आय घालून त्यावर 'उपवास' असं लिहिलं.