कंप्लेंट: सेंट्रल लॉक चेक

मागच्या पावसाळ्यातली केस आहे पण डोक्यातनं जात नाही म्हणून लिहून टाकतोय. मी कोल्हापुरात एका कार डीलरच्या वर्कशॉपला सर्व्हिस ॲडव्हायझर आहे. कंपनी कुठली ते सांगत नाही, नोकरी करायचीय अजून.

ॲडव्हायझर म्हणजे तुम्ही गाडी घेऊन आलात की पॅड धरून समोर येतो तो. सकाळी नऊ ते साडेअकरात पंधरा-सोळा गाड्या आत घ्यायच्या, ओरखडे टिपायचे, किलोमीटर लिहायचे, स्टेपनी आहे का बघायचं आणि गिऱ्हाईक सांगतंय ते जॉब कार्डवर उतरवायचं. गिऱ्हाईक पाच मिनिटं बोलतं, आम्ही तीन शब्द लिहितो. यात काही चुकतंय असं मला नऊ वर्षांत कधी वाटलं नव्हतं.

गगनबावड्याकडचे एक गुरुजी, जिल्हा परिषदेच्या शाळेतनं रिटायर झालेले. मे महिन्यात आमच्याकडनंच गाडी घेतली, रोख, रिटायरमेंटच्या पैशातनं. जूनच्या शेवटी पहिल्यांदा आले. म्हणे रात्री गाडीचं लॉक आपोआप उघडतं, कधी वायपर एकदाच फिरतो आणि थांबतो, आणि परवा मध्यरात्री हॉर्न वाजला, अख्खी वाडी उठली. कुणीतरी त्यांना नारळ फोडायला सांगितलं होतं. गुरुजींनी फोडला नाही, त्याऐवजी डायरी केली. तारीख, वेळ, काय झालं, पाऊस होता का नव्हता, सगळं टपोऱ्या अक्षरात. ती डायरी त्यांनी माझ्यापुढं धरली, मी मान हलवली आणि जॉब कार्डवर लिहिलं: सेंट्रल लॉक चेक.

टेक्निशियनला डायरी दिसत नाही, त्याला ते तीन शब्द दिसतात. त्यानं रिमोटनं वीस वेळा लॉक-अनलॉक केलं, स्कॅनर लावला, कोड काही नाही. किल्लीतला सेल बदलला आणि शेरा मारला की प्रॉब्लेम आढळला नाही. जुलैत परत आले, बॅटरी टेस्ट केली, अर्थिंगचे बोल्ट घासून घट्ट केले, परत तोच शेरा. सेल्सवाल्यानं तर त्यांना सांगितलं की नव्या गाडीत सेन्सर सेट व्हायला वेळ लागतो. सेन्सर काय दही आहे का सेट व्हायला. पण सेल्सवाल्यांचं काय, चावी दिली, पेढे दिले, फोटो काढला, विषय संपला, पुढची बोलणी खायला आम्ही आहोतच.

ऑगस्टच्या शेवटी तिसऱ्यांदा आले तेव्हा आम्ही बीसीएम बदलला. बीसीएम म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूल, लॉक, वायपर, हॉर्न, लाइट या सगळ्यांचा एकच मेंदू. वॉरंटीत गेला म्हणून गुरुजींना खर्च नाही. नंतर तीन आठवडे शांत. तेव्हा पाऊसही उघडला होता, पण त्याचा याच्याशी काही संबंध असेल हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

सप्टेंबरच्या शेवटी परतीचा पाऊस लागला आणि गुरुजी चौथ्यांदा दारात. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं वाटलं असतं. म्हणाले, "माझी मुलगी ह्यूस्टनला असते. तिच्या गाडीच्या एसीला वास यायचा, तिथला डीलर म्हणायचा नॉर्मल आहे. तिनं सरकारी वेबसाइटवरनं कंपनीचाच एक कागद काढून नेला, मग फुकट करून दिलं. सर्व्हिस बुलेटिन म्हणतात म्हणे. आपल्याकडं असं काही असतं का हो?"

मी म्हणालो, "आपल्याकडं तसं काही नसतं गुरुजी."

धडधडीत खोटं. पण आम्हाला ट्रेनिंगमध्येच सांगितलेलं असतं की बुलेटिन कस्टमरला दाखवायचं नाही, त्यामुळं ते वाक्य विचार न करता तोंडातनं येतं.

बुलेटिन असतं. नवं मॉडेल रस्त्यावर आलं की ठिकठिकाणाहून सारख्याच तक्रारी यायला लागतात, मग कंपनीचे इंजिनियर कारण शोधतात आणि डीलरना कागद पाठवतात की या चेसिस नंबरपासून या चेसिस नंबरपर्यंतच्या गाड्यांना अमुक तक्रार आली तर हे करा, हा पार्ट वापरा, लेबर इतके तास मिळेल. रिकॉल वेगळा. तो सेफ्टीचा विषय, त्यात कंपनी तुम्हाला बोलावून घेते, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कंपनीला रिकॉल करायला लावायचा अधिकार सरकारलाही आलाय. बुलेटिनला कुणी कुणाला बोलवत नाही. बोंबलला त्याला मिळतं, गप्प बसला त्याची वॉरंटी संपते. अमेरिकेत या कागदांच्या प्रती तिथल्या रस्ता सुरक्षा खात्याला, एनएचटीएसएला, द्याव्या लागतात आणि ते खातं त्या वेबसाइटवर टाकतं, कुणीही आपलं मॉडेल टाकून वाचावं. आपल्याकडं तोच कागद डीलरच्या पोर्टलमध्ये पासवर्डच्या मागं.

त्या रात्री मी थांबलो. गाडी ठेवून घेतली होती आणि गुरुजींनी डायरीही माझ्याकडं ठेवली होती, "वाचा निवांत" म्हणून. पोर्टलवर डोअर लॉक टाकलं, हॉर्न टाकलं, बीसीएम टाकलं, काही नाही. मग चहा घेत डायरी वाचायला लागलो. रात्री २.४०, मोठा पाऊस, लॉक उघडले. पहाटे ४.१०, पाऊस थांबून तासभर, वायपर एकदा. रात्री ११, संततधार, हॉर्न. एकोणीस नोंदी होत्या आणि एकोणीसच्या एकोणीस ठिकाणी पाऊस. गुरुजींनी पाऊस या शब्दाखाली लाल पेनानं रेघ पण मारलेली, जून महिन्यातच. परत पोर्टलवर गेलो आणि वॉटर टाकलं.

बॉडी विभागात, पाणी शिरणे या सदरात, चार पानांचं बुलेटिन. पुढच्या काचेखाली वायपर बसतात ती काळी जाळी असते, तिच्याखालच्या पत्र्याच्या उजव्या सांध्यात सीलंट कमी पडलंय, पाणी आत येऊन वायरिंग हार्नेसवरनं, म्हणजे वायरींच्या जुडग्यावरनं, ओघळतं आणि बीसीएमच्या कपलरमध्ये, म्हणजे वायरी जोडायच्या प्लगमध्ये, जातं. तक्रारीच्या रकान्यात पहिलं काय, तर ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट ओलं. लॉक आणि हॉर्न पार तळाला, आणि पीडीएफ स्कॅन केलेली, म्हणून सर्चला सापडत नव्हती. तिसऱ्या पानावर ठळक अक्षरात लिहिलेलं: बीसीएम बदलू नये.

चेसिस नंबर ताडून बघितला. सतरा अक्षरी नंबर असतो, त्यात आय, ओ आणि क्यू कधीच नसतात, एक आणि शून्याशी घोळ नको म्हणून, तरी आमच्याकडं रोज एक तरी जॉब कार्ड ओ घालून येतंच. गुरुजींची गाडी बरोबर रेंजमध्ये.

दुसऱ्या दिवशी आमचे मामा, म्हणजे सगळ्यात जुने इलेक्ट्रिशियन, त्यांना घेऊन बसलो. पाण्याची गळती शोधणं ही एक कलाच आहे आणि मामांसारखी ती कंपनीच्या ट्रेनरलाही जमत नाही. वॉशिंगचं प्रेशर गन वापरायचं नाही, ते पाणी जिथं पावसानं कधी जाणार नाही तिथंही घुसवतं. साधा बागेचा पाइप, नोझल काढून. खालनं सुरुवात करायची आणि एकेक टप्पा वर जायचं, प्रत्येक ठिकाणी पाच-सात मिनिटं थांबायचं, कारण वरनं सोडलं तर पाणी सगळीकडनं ओघळतं आणि नेमकं कुठनं शिरलं ते कळत नाही. एक माणूस बाहेर, एक आत डॅशबोर्डखाली मुंडी घालून बॅटरी घेऊन. सिल प्लेट काढून कार्पेट उचललं. वरनं हात लावला तर कोरडं ठणठणीत, खालचा फोम मात्र पिळला तर मगभर पाणी निघेल असा. आता एसीचं पाणी की पावसाचं? मामांनी बोटं चोळून बघितली. एसीचं पाणी स्वच्छ असतं, हे गढूळ, पानांचा वास असलेलं.

पण पाइपनं अर्धा तास पाणी सोडलं तरी आत थेंब नाही. वर्क्स मॅनेजर येऊन म्हणाले, बघा, पानं अडकली असतील जाळीत, झाडाखाली लावत असणार, वॉरंटीत बसत नाही, क्लोज करा. त्यांना जॉब कार्ड क्लोज झालेलं दिसलं की झोप लागते, गाडी दुरुस्त झाली का हा दुसरा प्रश्न. तेवढ्यात मामांनी विचारलं, "गुरुजींचं घर कसं हाय रं? चढावर का उतारावर?" फोन लावला. उतारावर, आणि गाडीचं तोंड खाली. आमचं वर्कशॉप सपाट आणि वर पत्रा. मागची चाकं जॅकनं वर घेतली, नाक खाली केलं, परत पाणी सोडलं. चौथ्या मिनिटाला आतनं पोराचा आवाज, "आलं मामा, आलं!" वायरीवरनं एकेक थेंब, घसरगुंडीवरनं यावा तसा, थेट नव्या बीसीएमच्या कपलरवर. कपलर काढला तर दोन पिना हिरव्या पडलेल्या. महिन्याभरात.

सांधा वाळवून, खरवडून पीयू सीलंट भरलं, पिना बदलल्या आणि हार्नेसला कपलरच्या आधी खाली झोल दिला, म्हणजे पाणी आलंच तरी झोलाच्या तळाला थेंब होऊन पडेल, कपलरपर्यंत चढणार नाही. या कामाला कंपनी लेबर देते २.४ तास. फोम वाळायलाच दोन दिवस गेले. मामा म्हणाले, "त्यो २.४ लिवणाऱ्याला बोलव, कार्पेट काढून दाखव म्हणावं." बोलवायला पाहिजे खरंच.

इथं संपलं असतं तर मी हे लिहिलंच नसतं. क्लेम करताना बुलेटिनचा नंबर टाकावा लागतो. तो टाकायला पान उघडलं तर खाली वाचल्याची नोंद दिसते, कुणी, कधी. त्यात माझा एम्प्लॉयी कोड होता. १३ ऑगस्ट, संध्याकाळी ६.५२. त्या दिवशी वर्क्स मॅनेजरनं ग्रुपवर मेसेज टाकला होता की पेंडिंग बुलेटिन आजच्या आज क्लिअर करा, ऑडिट आहे, आणि मी चौदा बुलेटिनांवर 'वाचले व समजले' दाबून घरी गेलो होतो. बीसीएम आम्ही बदलला तो त्यानंतर दोन आठवड्यांनी.

डिलिव्हरीला गुरुजी आले. मी बुलेटिनची प्रिंट काढून त्यांच्या हातात दिली, नियम मोडून. का दिली ते मलाही नीट सांगता येत नाही, काहीतरी द्यावंसं वाटलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, मग विचारलं, "हा कागद कधी आला तुमच्याकडं?" मी म्हणालो नुकताच. आयुष्यभर पेपर तपासलेला माणूस, त्यांचं बोट वरच्या कोपऱ्यातल्या तारखेवर गेलं, तिथंच जरा थांबलं. "बरं," म्हणाले. डायरी काढून काहीतरी दोन ओळी लिहिल्या आणि गाडी घेऊन गेले. त्यानंतर गाडी फक्त सर्व्हिसला येते, लॉकची तक्रार नाही.

त्या चेसिस रेंजमधल्या आमच्याकडनं विकलेल्या आणखी अकरा गाड्या आहेत, यादी काढली मी. त्यांना फोन करू का विचारलं तर वरनं उत्तर आलं की बुलेटिन वाचा, तक्रार आल्यासच. वाचलं बाबा, आता वाचलं.

म्हणून हल्ली यादीतली गाडी सर्व्हिसला आली की मी ओरखडे टिपायच्या आधी ड्रायव्हरच्या बाजूचं कार्पेट उचलून खाली हात घालतो. आतापर्यंत सहा आल्या, चार ओल्या निघाल्या. त्या चौघांच्याही जॉब कार्डवर मी लिहिलं, गिऱ्हाईक म्हणतंय पायाखाली ओलं लागतं. वॉरंटीवाला पोरगा विचारायला लागलाय की एकाच ॲडव्हायझरकडं एवढी ओली कार्पेटं कशी. मागच्या आठवड्यातल्या माणसानं तर जॉब कार्ड वाचून माझ्याकडंच बघितलं, "अहो, मी कधी म्हणालो ओलं लागतं म्हणून?"

मी पेन पुढं केलं, म्हटलं, करा सही.