प्लगवाली भुशाची शेगडी

स्कूटरच्या किमतीत पोराने धूर विकत घेतला, असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. त्या धुराचं दुकानातलं नाव पेलेट स्मोकर ग्रिल, म्हणजे लाकडाच्या कांड्या जाळून त्यांच्या आचेवर आणि धुरावर मांस शिजवणारी विजेची शेगडी. नागपुरात प्रतापनगरच्या आमच्या गच्चीवर ते चढवायला चार माणसं लागली. आईने त्याच्याभोवती एक फेरी मारली, बाजूच्या डब्यातून मूठभर पेलेट घेतले, पेन्सिलीएवढी एक कांडी बोटांत कुस्करली आणि म्हणाली, "हा तं भुसा आहे बाप्पा."

आहेच. दाबून दाबून 6 मिमी जाडीच्या कांड्या केलेला. दाबाच्या उष्णतेने लाकडातलं लिग्निन मऊ होतं, तेच त्याला धरून ठेवतं. डब्याखालचा स्क्रू थोड्या थोड्या कांड्या एका लोखंडी वाटीत ढकलतो, तापलेली सळई त्या पेटवते, पंखा वारा घालतो. आच उतरली की स्क्रू जास्त फिरतो. अमेरिकेत ओरेगनमध्ये जो ट्रेगर यांनी 1980 च्या दशकात ही युक्ती काढली. आईच्या मते त्यात युक्ती कसली? तिच्या माहेरी पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी करायची, भोवती आऱ्यावरून आणलेला भुसा ठोकून भरायचा, मग बाटली हळूच फिरवत वर काढायची. राहिलेल्या पोकळीत जाळ. बाटली काढताना भुसा ढासळला की सगळं पहिल्यापासून. हे ढासळणं तिने इतक्या रागाने सांगितलं, जसं काही ते आज सकाळीच झालं होतं.

पहिल्या रविवारी बोकडाची अख्खी मांडी लावली, 107 अंशांवर. पाहुणे आठला येणार होते. मांसात खुपसलेल्या थर्मामीटरचा काटा 68 वर चढला आणि तिथेच बसला. एक तास, दोन तास. मांसातलं पाणी बाहेर येऊन वाफ होतं आणि आतली उष्णता घेऊन जातं. नागपूरकराला हे काय समजवायचं? मे महिन्यात आपण वाळ्याच्या ताट्या भिजवून त्याच्याच जोरावर जगतो. मांडीने स्वतःचा कूलर लावला होता. शेवटी फॉइलमध्ये गुंडाळून तो बंद केला, तेव्हा कुठे काटा हलला. जेवायला साडेदहा वाजले. मेहुण्याने मधल्या वेळात सावजी मटण आणून ठेवलं होतं, त्याबद्दल मी काही बोलत नाही.

भरताचं वांगं मात्र जमलं नाही. धुराचा वास छान, पण साल काळी पडेना. आईने ते खाली नेऊन गॅसवर धरलं.

जुलैत एका रात्री डबा भरलेलाच गच्चीवर राहिला. झाकणाच्या फटीतून पाणी गेलं आणि सकाळी स्क्रू जागचा हलेना. कांड्या फुगून पुन्हा भुसा झाल्या होत्या. मी पेचकस घेऊन दोन तास खरवडत बसलो. गुडघे दुखतात म्हणून एरवी जिना न चढणारी आई वर आली.

"काऊन रे, भुसा रात्रभर पावसात ठेवला?"

आता पेलेटचं पोतं तिच्या खोलीत असतं, गव्हाच्या कोठीला लागून, वर तरटाचा तुकडा. मागायला गेलं की आधी विचारते, "माणसं किती?"