फुकटचा सल्ला कोणाला मिळतो?

डॉक्टर मंडळी ऑनलाइन मोफत सल्ला देतात याचं मला मनापासून कौतुक आहे. पण तो कोणाच्या पदरात पडतो ते पाहिलं की जीव तुटतो. ज्याला भराभर टाइप करता येतं, रिपोर्टची पीडीएफ ज्याच्या मोबाइलमध्ये तयार असते, तो एकच प्रश्न चार डॉक्टरांना विचारून मोकळा होतो. माझ्या मावशीने लिहिलं, ‘पायाला कसंतरीच होतं.’ उत्तर आलं, ‘सविस्तर लिहा.’ तिने फोन बाजूला ठेवला.

ब्रिटिश डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हेच मांडलं होतं: जिथे गरज जास्त, तिथे चांगली सेवा कमी. इंटरनेट आलं तरी हे फारसं बदललेलं दिसत नाही.

मग मावशीला बोलतं केलं. मुंग्या कधीपासून येतात? दोन्ही पायांना? रात्री वाढतात? मधुमेह आहे का, किती वर्षं? गोळ्यांच्या पट्टीचा फोटो काढला, नाव आणि मिलिग्रॅम दिसतील असा. यावेळी डॉक्टरांनी नेमकं विचारलं आणि तपासण्याही सुचवल्या. (छातीत दुखत असेल, श्वास लागत असेल, तर मात्र लिहीत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.)

पण प्रत्येकीला भाची कुठून मिळणार? बोलून प्रश्न विचारायची सोय हवी. आणि ज्यांना एकदाही उत्तर मिळालेलं नाही, त्यांचा नंबर आधी लागायला हवा.