वेबसाइट पुण्यात करून घ्यावी का?

न्यू जर्सीत किंवा डॅलसमध्ये छोटा व्यवसाय करणारी आपली माणसं मला हमखास विचारतात, "इथला डिझायनर परवडत नाही. तुमच्याकडे काम दिलं तर अडकणार नाही ना?" मी पुण्यात हेच काम करतो, म्हणजे यात माझा स्वार्थ आहे. तो लक्षात घेऊनच पुढचं वाचा.

कामाच्या दर्जाची मला फारशी चिंता वाटत नाही. डिझायनरने आधी केलेल्या साइट उघडून, मोबाइलवर चालवून बघता येतात. खरी जोखीम आहे ती किल्ल्या कोणाच्या हातात राहतात याची. तिकडे नृत्याचे वर्ग घेणाऱ्या एका ताईंची साइट एके सकाळी अचानक बंद पडली. आधीच्या डेव्हलपरने डोमेन, म्हणजे साइटचा इंटरनेटवरचा पत्ता, स्वतःच्या ईमेलवर घेतलं होतं. नूतनीकरणाच्या सूचना त्याच ईमेलवर जात राहिल्या आणि त्याने तर हा धंदा केव्हाच सोडला होता. ताईंकडे सगळ्या पावत्या होत्या, क्लासचं नाव मुलींच्या टी-शर्टवर छापलेलं होतं, पण रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीच्या, लेखी मालक दुसराच. तेव्हा डोमेन आणि होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) आपल्याच खात्यात, आपल्याच कार्डावर घ्या आणि डिझायनरला वेगळं लॉगिन द्या. याला जो तयार नसेल त्याला काम देऊ नका, मग तो नात्यातला का असेना.

दुसरी गोष्ट हक्कांची. करार भारतीय कायद्याखाली असेल, तर बाहेरच्या माणसाने लिहिलेला कोड नुसते पैसे मोजले म्हणून तुमचा होत नाही. 1957च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत! न्यू जर्सीच्या दुकानाला भारतापुरते हक्क घेऊन काय करायचं? 'कायमस्वरूपी' आणि 'जगभरासाठी' हे दोन शब्द करारात हवेतच.

कोर्टावर भिस्त ठेवू नका. अमेरिकी कोर्टाचा हुकूमनामा भारतात थेट बजावता येत नाही, त्यासाठी इथे नव्याने दावा लावावा लागतो. दोन-तीन हजार डॉलरसाठी कोण एवढं करणार? त्यापेक्षा पैसेच टप्प्याटप्प्याने द्या. आराखडा पसंत पडला की काही, चाचणीची साइट बघितली की काही, आणि शेवटचा हप्ता सगळ्या फायली व पासवर्ड हातात आल्यावरच.

वेळेच्या फरकाचं म्हणाल, तर हिवाळ्यात न्यू जर्सी आणि पुण्यात साडेदहा तासांचं अंतर पडतं. एक शंका विचारली की एक दिवस गेला. मजकूर आणि फोटो आधीच तयार ठेवले तर हा त्रास बराच वाचतो.

आणखी एक. दृष्टिहीन ग्राहकांना साइट वापरता आली नाही म्हणून अमेरिकेत दावे होतात, आणि ते साइटच्या मालकावर होतात, पुण्यातल्या डिझायनरवर नाही. त्यामुळे साइट स्क्रीनरीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चालवून दाखवायची, ही अट पहिल्याच बोलण्यात घाला.